चिंगोलो हल्ली फार पिते

मिनास, २८ ऑगस्ट

माननीय मेहुणे श्री. विल्मार यांच्या सेवेशी,

सादर नमस्कार. आपला गुडघा आपल्याला पायऱ्या चढू देत असेल, आपल्या गॅरेजमधला एकडोळ्या पोपट गिऱ्हाइकांना पूर्वीसारख्याच शिव्या घालत असेल आणि डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ आपण चोरून खात असाल, अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. (खालचे दोन दात पडले, पण ते तसेही बरीच वर्षं नुसते बसून होते.)

हे आपण-बिपण मला चार ओळींच्या वर झेपायचं नाही, तेव्हा विल्मार, आता सरळ लिहितो. चौदा महिन्यांनी माझं पत्र बघून तू पाकीट उलटंसुलटं केलं असशील, तिकिटावरचा शिक्का तपासला असशील आणि मग उघडू की नको म्हणून ते पोपटाच्या पिंजऱ्यावर ठेवलं असशील. उघडलंस ते बरं केलंस. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा आठवडा जातो. शिवाय छत्तीस वर्षं टपाल कचेरीत लोकांची पत्रं पोचवली, तर एखादं आपलंही पोचतं का ते बघावं म्हटलं. चौदा महिन्यांपूर्वी तुझ्या स्वयंपाकघरात काय झालं ते मी उगाळत बसणार नाही. निबियाच्या अस्थी स्मशानातल्या कोनाड्यात ठेवून आपण नुकतेच घरी आलो होतो, सूप गरम होतं आणि तू म्हणालास, ''दार्दो, आता ती गाडी विकून टाक. एकट्या माणसाला गाडी कशाला?'' यात उगाळण्यासारखं काही नाही. मी ताट सरकवलं, टोपी घातली आणि एकशे पासष्ट किलोमीटर गाडी हाकत घरी आलो, तीही सगळी तिसऱ्या गियरमध्ये, इंजिन बोंबलवत. ते तुला ऐकू जाईल असं तेव्हा मला का वाटत होतं, कुणास ठाऊक.

तर लिहिण्याचं कारण गाडीच आहे. १९ सप्टेंबरला निबियाचा वाढदिवस. गेल्या वर्षी मी आलो नाही, हे तुला माहीत आहे, कारण तू एकटाच फुलं घेऊन गेला असशील. यंदा मला यायचंय. तिच्या कोनाड्यापाशी मी त्या दिवसानंतर पाऊल टाकलेलं नाही आणि आता ते मला सोसत नाही. पण ही गाडी, आपली चिंगोलो, मला तुझ्या त्रेंता-इ-त्रेसपर्यंत आणील याचा भरवसा वाटत नाही, कारण ती हल्ली फार पिते. निबिया होती तेव्हा लिटरला पंधरा किलोमीटर द्यायची, उतार लागला तर सोळा. (तू कार्ब्युरेटर साफ केलास त्या वर्षी सतरा, हे तू इथे स्वतःच म्हणशील म्हणून आधीच लिहितो.) आता देते दहा. मागच्या महिन्यात एकदा नऊ दिले. गाडी तीच, रस्ते तेच, हवाही तीच. पेट्रोल पंपावरची शिर्ली मला लांबून बघितलं की हसायला लागते. परवा म्हणाली, ''काका, सोमवारीच तर टाकी भरून दिली. घरी आंघोळ करता की काय पेट्रोलने?'' मी तिला म्हटलं की गाडीचं वय झालंय. तर म्हणते, ''गाडीचं?'' आणि पुढच्या गाडीकडे गेली.

सल्ला द्यायला या गावात माणसांची वाण नाही. शेजारचा कोको तेचेरा (खाटीक, आता दुकान मुलाकडे दिलंय आणि स्वतः दिवसभर माझ्या कुंपणावर कोपर टेकून उभा असतो) म्हणाला, पेट्रोल कुणीतरी चोरतंय, टाकीला कुलुपाचं झाकण बसव. बसवलं. किल्ली सुरक्षित ठिकाणी ठेवली. ती जागा इतकी सुरक्षित होती की मलाही सापडेना, आणि शिर्लीच्या पंपावर माझ्या मागे अकरा गाड्या भोंगे वाजवत असताना ते झाकण स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन फोडावं लागलं. किल्ली चार दिवसांनी आपल्या माते चहाच्या पाल्याच्या डब्यात निघाली. सध्या टाकीचं तोंड एका फडक्याने आणि बेकरीच्या पिशवीने बांधलंय. हे वाचून तू डोळे मिटून घेतले असशील. थोडा वेळ मिटलेलेच ठेव, पुढेही तसंच आहे.

मग कोणीतरी म्हणालं, वजन कमी करा, गाडी ओझ्याने पिते. डिकी उघडली. विल्मार, ती डिकी मी वर्षभर उघडली नव्हती. आत दोन घडीच्या खुर्च्या, समुद्रावर न्यायची काडी मोडलेली छत्री, तिचं लोकरी पांघरूण, पेरूच्या मुरंब्याची एक बरणी (झाकणावर तिच्या अक्षरात साल, सहा वर्षांपूर्वीचं) आणि दगडांची पिशवी. तुझ्या बहिणीला ज्या नदीवर थांबू तिथला एक दगड उचलायची खोड होती, हे तुला माहीत असेल, पण ते सगळे दगड आम्ही गावोगाव सोबत घेऊन हिंडत होतो हे मलाही माहीत नव्हतं. कोकोच्या जुन्या काट्यावर सगळं मिळून एक्केचाळीस किलो भरलं. ते घरात आणून ठेवलं. आठ दिवस पुढच्या खोलीत त्या दोन खुर्च्या समोरासमोर उघडून ठेवल्या होत्या आणि मी त्यांतल्या एकीवर बसून बातम्या ऐकत होतो. गाडीच्या पिण्यात थेंबाचाही फरक पडला नाही. नवव्या दिवशी सगळं परत डिकीत भरलं, दगडसुद्धा. घरात ते मला बघवत नव्हतं.

टायरमध्ये हवा जास्त भरली तर गाडी हलकी पळते, हे मी रेडिओवर ऐकलं. भरली. गाडी पळत नव्हती, उड्या मारत होती, आणि चौकातल्या गतिरोधकावर माझी टोपी छताला लागून डोळ्यांवर आली. मग आठवलं, तूच एकदा म्हणाला होतास की लांब उतारावर शहाणा ड्रायव्हर पायाला विश्रांती देतो. तू पायाला म्हणाला होतास, इंजिनाला नाही, हे मला नंतर आठवलं. अरेकीताच्या वाटेवरच्या उतारावर मी गियर काढला, इंजिन बंद केलं, आणि हौसेला किल्लीही काढून खिशात ठेवली. स्टिअरिंग कुलूप लागून तिथेच अडकलं. ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी थांबली, ती बरोबर मेंढरांच्या कळपात. एक मेंढी खिडकीतून तोंड आत घालून माझ्याकडे बघत होती, तिला सगळं समजलं असावं. इतक्या गडबडीत ती किल्ली माझ्या हातून दाराबाहेर मेंढरांच्या पायांत पडली. मेंढरांचा मालक घोड्यावर होता. एउसेबियो नावाचा सुकलेला माणूस, उतरलाही नाही. म्हणाला, ''काय आजोबा, संपलं?'' मी म्हटलं, संपलं नाही, वाचवतोय. त्यावर तो म्हणाला, ''माझा हा घोडा गवतावर चालतो. तुम्हालाही देऊ का थोडं?'' किल्ली शोधायला आम्हाला तासभर लागला. (मेंढ्या रस्त्यावर काय काय टाकतात याचा इतका जवळून अभ्यास मी पूर्वी केला नव्हता.)

आता जे सांगतो ते नीट वाच, कारण कार्ब्युरेटरचं निदान यातच आहे. सत्तरीनंतर परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो, तुलाही तो छळ माहीत आहे. परीक्षा घ्यायला एक तरुण बाई आली, यामिला नावाची, काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते प्यायचा पोकळ भोपळा. परीक्षेला भोपळा नियमात बसत नाही, पण बसत नाही म्हणून आपल्याकडे कुणी थर्मास घरी ठेवलाय का? निबियाच्या जागेवर बसली, पट्टा लावला, म्हणाली, ''चला काका, तुमच्या मनाने न्या,'' आणि भोपळा काठोकाठ भरला. आणि विल्मार, माझा उजवा पाय आपोआप मऊ झाला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. लांबचा सिग्नल लाल दिसला तसा पाय आधीच उचलला गेला, गाडी हळूहळू जाऊन थांबली. सुटताना कुणाला कळलंही नाही. खड्डा टाळला, वळण घेतलं, पुढच्या बसचं बूड बघून तिच्यामागे घाई केली नाही. भोपळ्यातला एक थेंब सांडला नाही. बाई म्हणाली, ''काका, लोण्यातून सुरी फिरवावी तशी चालवता हो. शिकलात कुठे?'' पुढच्या सिग्नलला तिने भरून मला दिला. मी प्यालो आणि परत देताना गुंगीत म्हटलं, ''आभार.'' भोपळा परत करताना आभार मानले म्हणजे आता पुरे, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिने थर्मासचं झाकण लावलं आणि भोपळा पायाशी ठेवला. त्यानंतर मी दोनदा करकचून ब्रेक मारला, एका कोंबडीला घाबरवलं आणि गाडी दुसऱ्या गियरमध्ये विसरलो. तिने कागदावर बरंच काही लिहिलं. परवाना मिळाला, एका वर्षाचा.

तिथून घरी येताना मला सगळं उलगडलं. बेचाळीस वर्षं ही गाडी आणि तिच्या आधीची गाडी मी चालवली असं मला वाटत होतं. पाय माझा होता, पण त्याच्यावर राज्य त्या भोपळ्याचं होतं. निबिया शेजारी बसून भरून द्यायची, आणि ऐंशी अंशाचं पाणी मांडीवर सांडू नये म्हणून मी अर्ध्या किलोमीटरवरून गाय बघायचो. ''सांडलं तर उतरीन,'' ही तिची एकच अट. ती ती पाळायचीही. लग्नानंतर नऊ-दहा वर्षांनी एकदा मारिस्कालाच्या अलीकडे मी कुत्र्यासाठी ब्रेक मारला आणि ती खरंच उतरली, हातात भोपळा, काखेत थर्मास, आणि ताठ मानेने कडेकडेने चालू लागली. मी पहिल्या गियरमध्ये मागून, खिडकीतून विनवण्या करत. अर्धा किलोमीटर. त्या दिवशी गाडीने सगळ्यात जास्त पेट्रोल खाल्लं असणार, आणि मला आयुष्यातलं कुठलं अंतर पुन्हा कापायला मिळणार असेल तर मी ते मागीन.

उपाय म्हणून मी भरलेला भोपळा तिच्या जागेवर ठेवून त्याला पट्टा बांधून पाहिला. पहिल्याच वळणावर कलंडला, आसनाला डाग पडला, आणि कोणी उतरलं नाही. मी गाडी चालवत राहिलो. दुसऱ्या दिवशी स्वतःच भरून स्वतःच प्यायचं ठरवलं. त्यासाठी दर तीन-चार किलोमीटरला कडेला थांबायचं, इंजिन चालूच, थर्मास उघडायचा, भोपळा भरायचा, प्यायचा, पुन्हा निघायचं. मिनासहून मारिस्कालापर्यंत सतरा वेळा थांबलो. एका ट्रकवाल्याने मला तीनदा ओलांडलं (मी त्याला दोनदा, तो जेवायला थांबला तेव्हा). हे सगळं तुझ्यासारख्या जाणकाराला सांगायचं कारण एवढंच की तू बाकीची कारणं वगळून फक्त यंत्राकडे लक्ष द्यावंस. तेव्हा कृपा करून कार्ब्युरेटरची जेट कुठल्या मापाची लावू ते लिहून कळव, आणि प्लगमधलं अंतर किती ठेवायचं तेही. उलटटपाली लिही. १९ तारीख लांब नाही.

पोपटाला माझा रामराम, त्याला आठवत असेन तर.

तुझा मेहुणा,
दार्दो बेंतान्कुर

ता. क. जेटचं माप पाठवू नकोस. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की खरं कारण तू पहिल्या पानावरच ओळखलं असशील. चाळीस लिटरची टाकी लिटरला नऊ दिले तरी त्रेंता-इ-त्रेसला जाऊन परत येते आणि वर उरते. तू नेहमी म्हणायचास की गाडी पीत नाही, माणूस पाजतो. खरं सांगायचं तर मी तिकडे यायला या वर्षात तीनदा निघालो. फुलंही घेतली होती. तिन्ही वेळा मारिस्कालाला पोचलो, पंपाशेजारच्या त्या निलगिरीखाली गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवून तासभर शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो. मग गाडी वळवली. तिसऱ्यांदा फुलं पंपावरच्या बाईला देऊन टाकली, तिचा गैरसमज झाला असावा. बाकीचं पेट्रोल गावातल्या गावात जातं. बाजारातून घरी यायला चार गल्ल्या आहेत. मी नदीवरून, स्टेशनावरून, टेकडीला वळसा घालून येतो. दार उघडलं की आतून कोणी विचारत नाही, उशीर का झाला.

ता. क. दुसरा. तू म्हणालास की एकट्या माणसाला गाडी कशाला. चौदा महिने मी त्या वाक्यावर चिडून होतो. ते बरोबर आहे. म्हणूनच लिहितोय. अठरा तारखेला सकाळी सातची बस तुझ्याकडून सुटते, ती साडेनवाला इथे येते. ती पकड. मी स्टँडवर उभा असेन. म्हणजे तू त्रेंता-इ-त्रेसहून बसने मिनासला यायचं आणि मी तुला गाडीने मिनासहून त्रेंता-इ-त्रेसला सोडायचं. यात अक्कल नाही हे मला कळतं, कोकोनेही तेच सांगितलं, आणि शिर्ली तर हसून खाली बसली. हत्यारं आणू नकोस. थर्मास माझ्याकडे आहे. तू फक्त तिच्या जागेवर बसायचंस आणि भरून द्यायचंस. सांडलं तर उतरलास तरी चालेल, तुझा गुडघा बघता फार लांब जाणार नाहीस.

ता. क. तिसरा, आणि हा शेवटचा. पाकीट डकवलं होतं, पुन्हा उघडलं. तिला मोंतेविदेओला इस्पितळात घेऊन गेलो त्या सकाळीही ती भरून देत होती. शहरात शिरताना गर्दी लागली, मला रस्ता सापडेना, मी वैतागलो होतो. तिने भरून पुढे केला. मी घटकन प्यालो, तिच्याकडे न बघता परत दिला आणि म्हणालो, ''आभार.'' तिने झाकण लावलं. त्यानंतर अकरा दिवस होती, पण तिने भरलेला तो शेवटचा. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तू ये, विल्मार. पाला संपला तर मारिस्कालाला नवा घेऊ, पाणी थंड झालं तर कुठेही मागून घेऊ. तू भरत राहा. तिच्यापाशी पोचेपर्यंत मी आभार मानणार नाही.